सातवी खिट्टी

आमच्या घरात एकही दार कुरकुरत नाही. खिडक्यांच्या खिट्ट्या लोण्यातून सुरी जावी तशा सरकतात, बरण्यांची झाकणं दोन बोटांनी निघतात, आणि बाबांच्या जुन्या पेटीचं कुलूप नुसती किल्ली दाखवली तरी उघडेल असं वाटतं. या सगळ्याला कारण माझी आई. तिचे हात रिकामे राहू शकत नाहीत. खोलीत शिरली की उघडता-मिटता येणारं जे काही दिसेल त्याच्याकडे ती आधी जाते. तीनदा उघडते, तीनदा मिटते आणि मगच माणसांकडे बघते. बाबा म्हणतात, "लग्नाआधी ही पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा आधी फाटकाची कडी तपासली, मग मला. कडी पास झाली. माझा निकाल अजून राखून ठेवलाय."

आई अंतराळयानाच्या खिट्ट्या जोडते. कागदावर त्यांना एक लांबलचक नाव आहे, पण वर्कशॉपमध्ये सगळे खिट्टीच म्हणतात. यानाचे दोन भाग असतात. पुढे कॅप्सूल, म्हणजे माणसं बसतात ती, आणि मागे एक मोठा डबा, त्यात इंजिन, इंधन, वीज वगैरे बिऱ्हाड. परत येताना कॅप्सूलने हा डबा सोडून द्यायचा असतो, कारण तिच्या बुडाला लावलेली उष्णतेची ढाल डब्याआड झाकलेली असते. डबा सुटला नाही तर ढाल उघडी पडत नाही. मग आत बसलेल्यांचं काय होईल ते मी इथे लिहीत नाही, तुम्हाला कळलंच असेल.

हे दोन भाग सहा खिट्ट्यांनी एकमेकांना धरून असतात. सहाही एकदम उघडायला हव्यात. एकदम म्हणजे, एका सेकंदाचे हजार तुकडे करा, त्यातल्या पहिल्या वीस तुकड्यांच्या आत. प्रत्येक खिट्टीला काडतुसासारखे दोन छोटे बार असतात. बार उडाला की वायूच्या दाबाने आतला दट्ट्या सरकतो, अडकवून ठेवणाऱ्या पिनेला ढकलतो आणि खिट्टी उघडते. एक बार पुरतो. दुसरा का, तर पहिला फुसका निघाला तर म्हणून. कोठी सांभाळणारे काका, ज्यांना सगळे कोठीकाका म्हणतात, त्यांच्या भाषेत, "दोन छत्र्या घेऊन निघालेला माणूस आहे हा. भिजायचा नाही."

मी तिथे पोचले ती शाळेमुळे. अकरावीच्या आम्हा सगळ्यांना तीन आठवडे कुठेतरी खरं काम करायला पाठवलं होतं. कुणी दवाखान्यात गेलं, कुणी छापखान्यात. मी आईच्या वर्कशॉपमध्ये, जुनी चाचणी-कार्डं कॉम्प्युटरवर चढवायला. गेल्या वर्षापर्यंत मला हे जमलंच नसतं, कारण मी हजेरीलासुद्धा नुसता हात वर करून भागवायचे. मग एकदा आमच्या गटाचं सादरीकरण करणारी मुलगी आजारी पडली, बाईंनी मला उभं केलं, आणि मला शोध लागला की बोललं तर छत पडत नाही. तेव्हापासून जे सुरू झालंय त्याला, बाबांच्या मते, बंद करायचं बटण बसवायचं राहून गेलंय.

वर्कशॉप म्हणजे पांढराशुभ्र हॉल. दाराशी चिकट चटई, बुटांची धूळ ओढून घेणारी. प्रत्येक पान्ह्याला फोममध्ये त्याच्याच आकाराचा खड्डा कापलेला. संध्याकाळी एक जरी खड्डा रिकामा दिसला तरी कुणी घरी जायचं नाही. एका बाजूला जाड काचेमागे चाचणीची खोली. तिथे खिट्टी लोखंडी घोडीवर कसून बसवतात, भोंगा वाजतो, लाल दिवा लागतो, आणि बार उडवतात.

माझ्या दुसऱ्याच दिवशी कप्तान आली. त्या यानातून जे तिघं जाणार होते त्यांची ही प्रमुख. मला वाटलं होतं उंच, रुबाबदार कुणीतरी असेल. प्रत्यक्षात ती आमच्या शाळेच्या ग्रंथपालबाईंसारखी दिसत होती, चष्म्यासकट. आईच्या टेबलाशी स्टुलावर बसली, चहा घेतला, आईच्या हातातली खिट्टी बघितली आणि म्हणाली, "बाकी सगळं मला समजतं. इंजिन समजतं, नकाशे समजतात. ही वस्तू माझ्या पाठीमागे असणार, मला दिसणारसुद्धा नाही. उघडेल ना?"

आई म्हणाली, "उघडेल."

"नक्की?"

"मी शब्द देते."

कप्तानने मान हलवली. कप खाली ठेवताना म्हणाली, "मग मी या एका गोष्टीचा विचार करणं सोडून देते. डोक्यात जागा कमी आहे." आणि गेली.

मला आईचा इतका अभिमान वाटला की त्या दिवशी मी सहा कार्डं चुकीच्या रकान्यात भरली.

त्या आठवड्यात मी पहिल्यांदा चाचणी पाहिली. आदल्या दिवशी जोडलेली खिट्टी आईने घोडीवर चढवली. मग बार बसवायच्या आधी तिला एक छोटी मूठ लावली आणि हलकेच उघडली, मिटली. उघडली, मिटली. उघडली, मिटली. अगदी घरातल्या खिडकीसारखी.

"हे काय?" मी विचारलं.

"खेळवून घेते. बसून बसून आखडतात बिचाऱ्या." आई म्हणाली. "आमच्या उस्तादांनी शिकवलंय. चाचणीआधी खेळवलेली खिट्टी लाज राखते म्हणायचे."

उस्ताद म्हणजे आईच्या आधी या टेबलावर बसणारे. ते निवृत्त झाले, पण त्यांच्या सवयी अजून कामावर येतात.

भोंगा वाजला, लाल दिवा लागला, "फट्" असा आवाज झाला. पडद्यावर आकडा आला: चौदा. सेकंदाचे चौदा हजारांश. वीसच्या खूप आत. सगळ्यांनी मान डोलावली. आईने कार्डावर सही केली, आणि ते कार्ड माझ्या टेबलावर आलं. क्रमांक अठ्ठावन्न. अठ्ठावन्न चाचण्या, अठ्ठावन्न पास. सगळ्यांत वाईट आकडा सोळा.

आता मी कार्डं भरत होते म्हणजे काय करत होते ते सांगते. प्रत्येक कार्डावर तारीख, खिट्टीचा क्रमांक, जोडल्याचा दिवस, चाचणीचा दिवस, वेळ, सही. हेच अठ्ठावन्न वेळा. असं काम करताना डोकं रिकामं राहतं, आणि रिकाम्या डोक्याला खेळ लागतो. मी दोन तारखांमधलं अंतर मोजायला लागले. एक दिवस. एक दिवस. दोन दिवस. एक. एक. एकदा तीन, मधे सुट्टी आली होती म्हणून. मग भिंतीवरच्या मोठ्या तक्त्याकडे बघितलं. त्यावर लिहिलं होतं की यानातली खिट्टी जोडल्यापासून कॅप्सूल परत येईपर्यंत साडेचार महिने जातील. साडेचार महिने ती मिटलेली. आधी गोदामात, मग मनोऱ्यावर, मग वर.

पुढच्या आठवड्यात एके दिवशी मधल्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसले होते. मी सहज, तोंडात घास असताना विचारलं, "आई, वर गेल्यावर खिट्टी कोण खेळवणार?"

सगळे हसले. कोठीकाका म्हणाले, "तुलाच पाठवू. मूठ घेऊन बाहेर लटकत राहा. बोलायला कुणी नसेल तेवढीच शिक्षा."

मीही हसले. आई हसली नाही. तिने डब्याचं झाकण हातात घेतलं होतं, ते तसंच धरून बसली. मग हळूच म्हणाली, "काय म्हणालीस?"

"काही नाही. आपण चाचणीआधी तीनदा खेळवतो, आणि चाचणी जोडल्याच्या दुसऱ्या दिवशी करतो. म्हणून म्हटलं."

कुणीतरी विषय बदलला. आईने मात्र झाकण लावलं आणि उरलेला डबा तसाच पिशवीत ठेवला.

त्या संध्याकाळी आम्ही चालत घरी आलो आणि आईने फाटकाच्या कडीला हात लावला नाही. नुसतं ढकलून आत गेली. बाबांनी ते दारातून पाहिलं आणि मला खुणेनेच विचारलं, काय झालं? मी खांदे उडवले. माझ्याकडे शब्द नव्हते, आणि गेल्या वर्षभरात असं पहिल्यांदाच झालं होतं.

जेवायच्या टेबलावर आईने माझ्या वहीचं मागचं पान उघडून समोर ठेवलं. "दाखव अंतरं."

मी दाखवली. ती बोट फिरवत खाली गेली. एक, एक, दोन, एक.

"खेळवल्याचं कार्डावर कुठे लिहिलंय?" तिने विचारलं.

"कुठेच नाही."

"नसणारच. ते काम म्हणून कुणी धरलंच नाही. हात धुण्यासारखं. हात धुतले असं कोण लिहितं?" ती थांबली. "आपला तो बाळ्या. परीक्षेला बसवायच्या आधी मी दर वेळी त्याला उत्तरं सांगत होते."

बाबा म्हणाले, "पण म्हणून ती उघडणार नाही असं थोडंच आहे?"

"नाही. उघडेलसुद्धा. पण मला ते माहीत नाही." आईने वही मिटली. "आणि मी त्या बाईला शब्द दिलाय. तिने विचार करणं सोडून दिलंय माझ्या भरवशावर."

मी म्हणाले, "दोन बार आहेत की."

"बार दोन आहेत. खिट्टी एकच आहे. आतली पिनच धरून बसली तर दहा बार लावून काय उपयोग? दाराला दोन घंट्या बसवल्या म्हणून आखडलेलं दार उघडत नाही."

पुढच्या महिन्यात आईला वर्कशॉपची प्रमुख करणार होते. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. बाबांनी तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली आणि म्हणाले, "उद्या काय करणार आहेस?"

"सातवी काढणार," आई म्हणाली.

सातवी म्हणजे काय ते सांगते. खिट्ट्या सातच्या संचाने बनतात. सहा कामाच्या आणि एक जादा. गेल्या वर्षीच्या एका संचातली सातवी कधीच लागली नाही. जोडून, मिटून, सील करून कोठीत ठेवली ती ठेवलीच. अकरा महिने. आठवड्याला एक चाचणी करायचा अधिकार आईचाच होता, आणि या आठवड्याची चाचणी कोणत्या खिट्टीवर करायची ते ठरायचं होतं.

सकाळी आम्ही कोठीच्या खिडकीशी उभ्या होतो. कोठीकाकांनी मोठं रजिस्टर उघडलं. "कारण काय लिहू?"

"शंका," आई म्हणाली.

"शंकेला रकाना नाही, ताई. दुरुस्ती आहे, बदली आहे, भंगार आहे."

"मग शेऱ्यात लिहा."

त्यांनी लिहिलं, अगदी वळणदार अक्षरात. मग शिडी लावून वरच्या फळीवरून पिशवी काढली. माझ्या मनात एकदम आलं आणि मी विचारलं, "काका, तुम्ही खेळवली नाहीत ना? मधनंमधनं?"

"सीलबंद वस्तूला मी फुंकरसुद्धा घालत नाही, पोरी. माझी पेन्शन जवळ आलीय."

आईने सील कापलं, खिट्टी घोडीवर चढवली, पान्हे फिरवले. बार बसवायची वेळ आली तसा तिचा उजवा हात आपोआप मुठीकडे गेला. मुठीवर बोटं टेकलीसुद्धा.

"आई, हात," मी म्हणाले.

तिने हात मागे घेतला. बघितलं त्याच्याकडे, जणू दुसऱ्याचाच आहे. मग तो डगल्याच्या खिशात घातला आणि डाव्या हाताने बार बसवला. चाचणी एकाच बारावर करायची असते, एक पुरतो हेच दाखवायचं असतं म्हणून.

आम्ही काचेमागे आलो. भोंगा. लाल दिवा. फट्.

पडद्यावर आकडा आला नाही.

"तार निघाली असेल," कुणीतरी म्हणालं. तार निघाली नव्हती. काचेतून दिसत होतं. बार उडाला होता, धुराची छोटी शेपटी वर गेली होती, आणि खिट्टी जशीच्या तशी मिटलेली. असं झालं तर दहा मिनिटं कुणी आत जायचं नाही हा नियम आहे. मग आम्ही उभे राहिलो. आत दट्ट्यामागे वायू दाबून बसला होता, ढकलत होता, आणि पिन ढिम्म हलत नव्हती. एक मिनिट. दोन मिनिटं. कोठीकाका आपलं काम सोडून आले होते, त्यांनी टोपी काढून हातात धरली होती. तीन मिनिटं.

चौथ्या मिनिटाला आतून आवाज आला. टक.

इतका साधा आवाज. झोपेतल्या माणसाने कूस बदलावी तसा. खिट्टी उघडली होती.

"उघडली," कोठीकाका म्हणाले.

"चार मिनिटांनी," आई म्हणाली. "चार मिनिटांत कॅप्सूल हवेत शिरलेली असते. डब्यासकट."

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा खुर्ची ओढून बसेल. तिने घड्याळात बघून दहा मिनिटं पूर्ण होऊ दिली, आत गेली, फोटो काढले आणि कार्ड भरायला बसली. क्रमांक एकोणसाठ. जोडणी ते चाचणी: तीनशे चौतीस दिवस. निकाल: नापास. सही करताना तिचं अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

मोठ्या बाई, म्हणजे सगळ्या विभागाच्या प्रमुख, वरच्या मजल्यावर बसतात. त्यांच्या खोलीत माझं काहीच काम नव्हतं, पण अंतरांची यादी माझ्या वहीत होती आणि वही मी सोडत नव्हते. बाईंनी कार्ड वाचलं, चष्मा कपाळावर चढवला.

"अठ्ठावन्न पास, एक नापास. तीही अकरा महिने पडून असलेली. यानात साडेचारच महिने जातील."

"बाई, अठ्ठावन्न नाहीत," आई म्हणाली. "एकच चाचणी आम्ही अठ्ठावन्न वेळा केली. ताजी खिट्टी, हाताने खेळवून मोकळी केलेली. ती उघडते, याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. यानात जी असते तिची चाचणी आजच पहिल्यांदा झाली."

बाईंनी कार्ड पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाल्या, "हे मला वर कळवावं लागेल. उड्डाण पुढे जाईल. सगळे विचारतील की दोन वर्षं हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही. तुझं नाव येईल."

"माझं नाव आहेच. अठ्ठावन्न कार्डांवर सही माझी आहे."

"उस्तादांपासून चालत आलेली पद्धत आहे. एकटी कशाला अंगावर घेतेस?"

"उस्तादांचे हात आता माझ्याकडे आहेत ना, मग त्यांची चूकही माझ्याकडेच."

बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. "तुझ्या हाताने लिही."

आईने उभ्यानेच लिहिलं. मी खांद्यावरून वाचलं. 'प्रत्येक चाचणीपूर्वी मी खिट्टी हाताने तीन वेळा उघड-बंद करत होते. हे कुठेही नोंदवलेले नाही. त्यामुळे आतापर्यंतचे निकाल उड्डाणासाठी धरू नयेत.' तीन वाक्यं. मी असते तर तीन पानं लिहिली असती.

बाईंनी कागद घेतला आणि माझ्याकडे बघून आईला म्हणाल्या, "ही तुझीच का? मागे घरी आले होते तेव्हा दाराआड लपून बसली होती."

"आता लपत नाही," आई म्हणाली. "आता आम्हीच लपतो."

प्रमुखपद त्या महिन्यात दिलं गेलं नाही. कुणालाच दिलं नाही, खुर्ची रिकामी राहिली. आईने त्याबद्दल एकदाही तोंड उघडलं नाही, तेव्हा मीही इथे जास्त लिहीत नाही.

सातवी उघडून पाहिली तर कळलं की पिनेवरचा काळा, कोरडा, वंगणासारखा थर सततच्या दाबाखाली एका जागी पिळून निघाला होता. तिथे धातूला धातू भिडला होता आणि दोघं जुन्या मैत्रिणींसारखी चिकटून बसली होती. आधी तीनदा खेळवलं की ही पकड सुटायची. म्हणूनच दोन वर्षांत कुणाला दिसली नव्हती. मग पिनेचा धातू बदलला, थर बदलला. नव्या बारा खिट्ट्या जोडल्या. आईने हट्ट धरला की जुन्या पद्धतीच्या सहा खिट्ट्याही जोडून शेजारी ठेवायच्या.

"जुन्या कशाला?" कोठीकाकांनी विचारलं. "त्या नापास झाल्यात ना?"

"एक झालीय. नव्या उघडल्या तर त्या नव्या आहेत म्हणून उघडल्या की नशिबाने, ते कळायला शेजारी जुन्या हव्यात."

अठराही खिट्ट्या काचेच्या कपाटात. आत, गोदामापासून यानापर्यंत खिट्टीला जशी मिळते तशी हवा, तसं तापमान. कुलूप. किल्ली कोठीकाकांकडे. मुदत एकशे चाळीस दिवस. माझे तीन आठवडे तोवर संपले होते, पण कुलूप लागलं त्या दिवशी मुद्दाम जाऊन मी मोठ्या अक्षरांत पाटी रंगवून कपाटावर लावली: 'हात लावू नये. आईनेसुद्धा.'

आता आमच्या घरातले एकशे चाळीस दिवस. कारखान्यात हात आवरायचे, तर ते घरी सुटले. आईने सगळ्या खिडक्या खेळवल्या. सगळ्या झाकणांना तेल दिलं. शेजारच्या आजोबांच्या छत्रीचं बटण दुरुस्त केलं. माझ्या कंपासपेटीचं झाकण इतकं मोकळं केलं की ते वर्गात आपोआप उघडून सगळं जमिनीवर सांडायचं. बाबा म्हणाले, "अजून दोन महिने असंच चाललं तर ही भिंतींनाही बिजागऱ्या बसवेल." आईला हसू आलं, पण तिचे हात टेबलाच्या ड्रॉवरवरच होते.

मधे एकदा कप्तानचा फोन आला. उड्डाण पुढे ढकलल्याचं कारण तिला कळलं होतं. आई उभी राहून बोलली.

"मी तुम्हाला शब्द दिला होता, तो मला परत घ्यायचाय," आई म्हणाली. "तेव्हा मला वाटलं होतं की मला माहीत आहे. नव्हतं."

पलीकडून काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. आई म्हणाली, "हो. एकशे चाळिसाव्या दिवशी. या." आणि फोन ठेवला.

एकशे चाळिसाव्या दिवशी मी शाळेतून अर्धी सुट्टी काढली. सरांनी कारण विचारलं, मी इतकं सविस्तर सांगितलं की त्यांनी मधेच सही करून टाकली.

कोठीकाकांनी कुलूप काढलं. चढवायचं काम आईने दुसऱ्या दोघांना दिलं होतं. स्वतः काचेमागे, दोन्ही हात डगल्याच्या खिशात. कप्तान तिच्या शेजारी, त्याच चष्म्यात. आधी जुन्या सहा. पहिली: सतरा. दुसरी: पडद्यावर काही नाही, आणि मग दहा मिनिटं थांबणं. तिसरी: सव्वीस. चौथी: पुन्हा काही नाही. कप्तानने यातला एकही निकाल सोडला नाही, प्रत्येक पडद्याजवळ जाऊन वाचला. सहातल्या तीन नापास. तिला कळत होतं की उड्डाण पुढे गेलं नसतं तर अशाच सहा तिच्या पाठीशी असत्या. ती स्टूल ओढून बसली.

मग नव्या. पहिली: पंधरा. दुसरी: चौदा. मी आकडे मोठ्याने वाचत होते, ते काम मला दिलं होतं. पाचवी: सोळा. आठवी: पंधरा. नववीला बार उडाला आणि पडदा क्षणभर कोराच राहिला, तेवढ्या वेळात आईच्या खिशातल्या मुठी डगल्यातून दिसत होत्या. मग आकडा आला. सतरा. दहावी, अकरावी. बारावी: चौदा.

बारापैकी बारा.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पान्हे मोजून परत खड्ड्यांत ठेवायला सुरुवात झाली. कप्तान आईकडे वळली आणि तिने तोच जुना प्रश्न विचारला. "उघडेल ना?"

आई विचार करून बोलली. "एकशे चाळीस दिवस मिटलेल्या बारा खिट्ट्या, कुणी हात न लावता, एकेका बारावर वेळेत उघडल्या. आणखी बारा उद्या मिटून ठेवतेय, त्या दोनशे दिवसांनी उघडेन. तुम्ही जायच्या आधी त्याही कळतील. त्यातली एक जरी अडली तर मी स्वतः सांगायला येईन. एवढं मी म्हणू शकते."

"शब्द नाही देणार?"

"शब्दापेक्षा हे बरं."

कप्तान म्हणाली, "बरंच बरं." आणि मग, "विचार करणं मात्र मी सोडणार नाही आता."

"सोडू नका," आई म्हणाली. "मीही सोडत नाही."

कार्डं भरायची राहिली होती. नव्या कार्डावर एक रकाना वाढला होता, तो मीच कॉम्प्युटरवर टाकला होता: 'चाचणीपूर्वी हात लावला का?' आईने खिशातून हात काढले. तळव्यांवर नखांच्या खुणा उमटल्या होत्या. तिने पेन घेतलं आणि पहिल्या कार्डावर लिहिलं, 'नाही.' खाली सही. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. जुन्या सहा धरून अठरा कार्डं, अठरा वेळा 'नाही'. मी एकेक कार्ड तिच्यासमोर सरकवत होते.

शेवटचं झाल्यावर तिने पेनाचं टोपण लावलं. काढलं. लावलं. काढलं. लावलं.

"तिसरी खेप राहिली," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे एक नजर टाकली, टोपण तिसऱ्यांदा उघडून लावलं, आणि उद्याच्या बारा खिट्ट्यांची यादी काढायला बसली.